डीप पर्पलची लाइव्ह मैफल कशी जोखायची: नव्या श्रोत्यांसाठी एकेक पायरी

लाइव्ह रेकॉर्डिंग ऐकून "जबरदस्त" किंवा "काही खास नाही" म्हणायला वेळ लागत नाही. पण हे मत बहुतेक वेळा टेपच्या आवाजाबद्दल असतं, वाजवणाऱ्यांबद्दल नसतं. टेप खणखणीत असली की साधं वादनही भारी वाटतं. टेपला खरखर असली की तिच्यामागची असामान्य रात्र पाच मिनिटांत बंद केली जाते. नव्या श्रोत्याची सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती टाळायची सवय लागली की बाकीचं बरंच आपोआप जमतं.

सरावासाठी डीप पर्पल हा ब्रिटिश रॉक बँड निवडण्याचं कारण अगदी व्यावहारिक आहे. १९७२ च्या ऑगस्टमध्ये हा बँड जपानमध्ये लागोपाठ तीन रात्री वाजला: १५ आणि १६ तारखेला ओसाका, १७ ला टोकियोचं बुडोकान. तिन्ही रात्री तेच पाच वादक, जवळजवळ तीच गाणी, मार्टिन बर्च हाच ध्वनिमुद्रक आणि आठ ट्रॅकचं यंत्र. त्यातून निवडून 'मेड इन जपान' हा अल्बम झाला आणि पुढे तिन्ही रात्री स्वतंत्रपणेही बाहेर आल्या. इतकं सगळं सारखं ठेवून फक्त वादनातला फरक ऐकण्याची संधी रॉक संगीतात फार क्वचित मिळते.

काय काय जवळ हवं

- 'मेड इन जपान'ची तिन्ही रात्री असलेली आवृत्ती (२०१४ ची मोठी आवृत्ती घ्या, जुन्या एक-दोन डिस्कच्या आवृत्त्यांवर फक्त निवडक गाणी आहेत)
- 'मशीन हेड' (१९७२) आणि 'इन रॉक' (१९७०) हे स्टुडिओ अल्बम
- कान पूर्ण झाकणारा, वायरचा हेडफोन. ब्लूटूथ चालेल, पण त्याच्या ॲपमधले 'बास बूस्ट'सारखे सगळे इफेक्ट बंद करा
- मोबाइलवर ट्यूनरचं (सूर किती चढा-उतरा ते काट्याने दाखवणारं) कुठलंही मोफत ॲप
- संगणकावर ऑडॅसिटी (ध्वनीची फाइल उघडून तपासायचं मोफत सॉफ्टवेअर)
- वही. मोबाइलच्या नोट्समध्ये लिहायला बसलात की ऐकणं थांबतं.

१. आधी तारीख आणि माणसं पक्की करा

"डीप पर्पल लाइव्ह" एवढ्यावरून काहीच कळत नाही. १९६९ ते १९७३ गायक इयन गिलन आणि बासवर रॉजर ग्लोव्हर. या संचाला चाहते 'मार्क टू' म्हणतात. १९७३ च्या अखेरीपासून डेव्हिड कव्हरडेल आणि ग्लेन ह्यूज. १९७५ मध्ये गिटारवर रिची ब्लॅकमोरच्या जागी टॉमी बोलिन. १९७६ ला बँड मोडला, १९८४ ला मार्क टू पुन्हा जमला. १९९३ च्या शेवटी ब्लॅकमोर कायमचा गेला, काही महिने जो सॅट्रिआनीने निभावलं आणि मग स्टीव्ह मॉर्स आला. ड्रमवर मात्र पहिल्यापासून इयन पेस.

'हायवे स्टार' गिलनने १९७२ ला म्हटलेलं, कव्हरडेलने १९७५ ला म्हटलेलं आणि गिलननेच १९९५ ला म्हटलेलं, या तिन्हींना एकच गज लावू नका. तुलना करायची तर एकाच संचातल्या, शक्यतो एकाच दौऱ्यातल्या रात्रींची करा.

व्हिडिओच्या नावातल्या तारखेवर विसंबून राहू नका. यूट्यूबवर एका मैफलीचं चित्र आणि दुसरीचाच आवाज असं सर्रास सापडतं. पेसचा हात झांजेवर पडतो आणि त्याच क्षणी झांज ऐकू येते का, एवढं अर्धा मिनिट पाहिलं तरी पुरे.

२. टेप कुठल्या जातीची आहे ते ओळखा

मल्टिट्रॅक: प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर, नंतर स्टुडिओत मिक्स केलेलं. 'मेड इन जपान' यातलं. यात सगळं स्पष्ट ऐकू येतं, पण कुठलं वाद्य किती पुढे ठेवायचं हा निर्णय मिक्स करणाऱ्याचा असतो. १९७२ चं मूळ मिक्स आणि नंतरची मिक्सेस शेजारी ठेवून ऐकलीत तर तेच वादन वेगळं भासेल.

साउंडबोर्ड: सभागृहाच्या मिक्सरमधून थेट घेतलेलं. इथला सापळा समजून घ्या. ब्लॅकमोरचे मार्शल ॲम्प्लिफायर स्टेजवरच इतके मोठ्याने वाजत की लहान सभागृहात गिटार स्पीकरमधून फारशी सोडावीच लागत नसे. मिक्सरमध्ये जे कमी, ते टेपवरही कमी. त्यामुळे अशा टेपवर गिटार दबलेली आणि गायकाचा आवाज नागडा ऐकू येतो. त्याची बारीकशी चूकही अंगावर येते. सभागृहातल्या माणसाने ती रात्र तशी ऐकलेलीच नसते.

प्रेक्षकांतून केलेलं: खुर्चीत बसून लपवलेल्या रेकॉर्डरवर. बास घुमतो, झांजा दबतात, शेजारचा माणूस बोलतो. पण सभागृहातला खरा समतोल आणि लोकांचा प्रतिसाद इथेच मिळतो. पहिली पाच मिनिटं काहीही मत बनवू नका. कान तेवढ्या वेळात जुळवून घेतो आणि मग खरखरीच्या आतलं वादन दिसायला लागतं.

नव्या रीमास्टरमध्ये, म्हणजे जुन्या टेपवर पुन्हा संस्कार करून काढलेल्या आवृत्तीत, आवाज सरसकट चढवलेला असू शकतो. ऑडॅसिटीत फाइल उघडा: लहरींचे शेंडे कात्रीने कापल्यासारखे सपाट दिसले तर हळू-मोठ्याचा फरक दाबला गेला आहे. 'चाइल्ड इन टाइम'सारखं कुजबुजीपासून किंकाळीपर्यंत जाणारं गाणं अशा फाइलवरून जोखूच नका. आणि दोन रेकॉर्डिंगची तुलना करण्याआधी दोन्हींचा आवाज कानाला सारखा करून घ्या, कारण जे किंचित मोठं, तेच चांगलं वाटतं.

३. टेपचा वेग तपासा

जुन्या टेप एका यंत्रावरून दुसऱ्यावर उतरवताना थोड्या जलद किंवा मंद होतात. वेग सुमारे ६ टक्क्यांनी वाढला की सूर अर्ध्या स्वराने चढतो. ३ टक्के म्हणजे पाव स्वर; एवढ्याने गायक तरतरीत आणि ड्रमर चपळ वाटू लागतो आणि "काय ऊर्जा होती त्या रात्री" असं चुकीचं मत होतं.

या बँडच्या बाबतीत वेग पकडणं सोपं आहे, कारण जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन. त्याचे सूर दातेरी चाकांतून निघतात आणि ती चाकं फिरवणारी मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेली असते. वादकाला तो ऑर्गन ट्यून करता येत नाही. गिटार आणि बास त्याच्याशी जुळवून घेतात. म्हणून ऑर्गनचा एखादा लांब धरलेला सूर शोधा आणि ट्यूनर समोर धरा. 'स्मोक ऑन द वॉटर'चा आधारसूर जी, म्हणजे हार्मोनियमची पांढरी पाच. 'चाइल्ड इन टाइम'चा ए, पांढरी सहा. काटा सगळीकडे ३०-४० सेंट (१०० सेंट म्हणजे अर्धा स्वर) वर किंवा खाली राहिला तर टेपचा वेग संशयास्पद धरा. ऑडॅसिटीत वेग बदलून सूर जागेवर आणा आणि मगच लय मोजा.

एक अपवाद. खुल्या मैदानात जनरेटरवर वीज असेल तर ऑर्गनच खरोखर थोडा चढा किंवा उतरा असू शकतो. जपानमध्ये तर ओसाकाला ६० हर्ट्झ आणि टोकियोला ५० हर्ट्झ वीज असते. ६० साठी बनवलेला हॅमंड नुसता ५० वर लावला तर तीन अर्धस्वरांहून थोडा जास्तच उतरेल, म्हणून फिरतीवर फ्रिक्वेन्सी बदलणारं यंत्र लागतं. अशा शंकेच्या वेळी निवेदनं ऐका. गिलनचा नुसता बोलण्याचा आवाज पातळ आणि घाईचा वाटला तर दोष टेपचा. बोलणं नैसर्गिक आणि सूर तेवढा हललेला असेल तर विजेचा.

४. स्टुडिओतलं गाणं पाठ करा, पण मोजपट्टी म्हणून नाही

स्टुडिओचा अल्बम नकाशासाठी लागतो: कडवी किती, ऑर्गनचा सोलो कुठे, गिटारचा कुठे. 'हायवे स्टार'मध्ये दुसऱ्या कडव्यानंतर ऑर्गन आणि तिसऱ्यानंतर गिटार. 'मशीन हेड'वर या गिटार सोलोच्या वेगवान भागात दोन गिटार एकमेकींवर चढवल्या आहेत. स्टेजवर गिटारिस्ट एकच, म्हणून तिथे एकच ओळ ऐकू येणार. तिला "अर्धवट" म्हणणं हा नवशिक्यांचा नेहमीचा घोटाळा.

दुसरा घोटाळा ऑर्गन आणि गिटार यांच्यात. लॉर्ड आपला हॅमंड मार्शल ॲम्प्लिफायरमधून वाजवायचा, त्यामुळे तो गिटारसारखाच गुरगुरतो. ओळखायची खूण अशी: तार ओढून सूर वर नेलेला, म्हणजे मींड, ऐकू आली तर गिटार, ऑर्गनच्या पट्टीवर ते शक्य नाही. आणि सूर जराही न विरता सलग धरून ठेवलेला असेल तर बहुधा ऑर्गन. हे पक्कं होईपर्यंत पुढच्या पायरीवर जाऊ नका, नाहीतर एकाचं श्रेय दुसऱ्याला द्याल.

५. एकच गाणं, तीन रात्री, एका बैठकीत

हा या सगळ्याचा गाभा. पूर्ण मैफली एकापाठोपाठ ऐकू नका. तिसरी येईपर्यंत पहिली विसरलेली असते. एक गाणं घ्या आणि १५, १६, १७ असं लागोपाठ ऐका.

'स्मोक ऑन द वॉटर'पासून सुरुवात करा. अल्बमवरच्या सात गाण्यांपैकी हे एकच १५ तारखेचं आहे. बाकीची चार १६ ची आणि 'द म्यूल' व 'लेझी' ही दोन टोकियोची. पहिली रात्र एकंदरीत सगळ्यात कमजोर समजली जाते, तरी हे गाणं तिथून घेतलं. ब्लॅकमोरने सुरुवातीचा रिफ (गिटारची परत परत येणारी ओळ) नीट वाजवला तो त्याच रात्री, असं त्याचं कारण सांगितलं जातं. तुम्ही स्वतः ताडून पाहा. तिन्ही रात्रींचे फक्त पहिले अर्धा मिनिट ऐका. रिफ सरळ आहे की त्याच्याशी खेळ चाललाय? पेसची हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) येते तेव्हा गिटार तिच्यावर बसते की ओढाताण होते? मग शेवटाकडे जा, जिथे गिटार आणि ऑर्गन आळीपाळीने छोटे तुकडे फेकतात. कुठल्या रात्री दुसरा पहिल्याचंच वाक्य पुढे नेतो, आणि कुठल्या रात्री दोघं नुसते आपापलं पाठ केलेलं वाजवतात, ते लिहून ठेवा.

मग 'हायवे स्टार'. हे मैफलीचं पहिलं गाणं, हे लक्षात असू द्या. मिक्सर अजून सेट होतोय, गळा अजून तापायचाय. इथल्या आवाजाच्या गडबडीला सूट द्या, लयीला देऊ नका. घड्याळ लावून १५ सेकंदांतले ठोके मोजा आणि चारने गुणा. स्टुडिओत ते मिनिटाला १७० च्या आसपास आहे. स्टेजवर जलद असणारच. जलद असणं हा ना गुण ना दोष. पहिल्या कडव्यात एकदा आणि गिटार सोलोनंतर एकदा मोजा. शेवटी लय पाच-सहा ठोक्यांनी चढली असेल तर स्वतःला विचारा: सगळे मिळून चढले, की एकाने पळवलं आणि बाकीचे मागे धावले? सगळे मिळून चढले असतील तर ती रंगत. मागे धावले असतील तर गिटारचे जलद सूर एकमेकांना चिकटू लागतात आणि बास किंचित उशिरा ऐकू येतो.

'चाइल्ड इन टाइम' शेवटी ठेवा. गिलनचा शब्दांविना आवाज पायरीपायरीने वर जातो, हळू, मग भरून, मग किंकाळी. फक्त सगळ्यात वरचा सूर लागला की नाही एवढंच पाहू नका. खालच्या पायरीवरचा सूर स्थिर आहे का? वर जाताना श्वास कुठे तुटतो? किंकाळीनंतर परत खाली येताना आवाज फुटतो का? दमलेला गायक वरचा सूर जोर लावून काढतो, पण खालचा हलका सूर त्याला धरवत नाही. गळ्याची खरी अवस्था तिथे कळते.

६. एकेका वादकामागे एक फेरी

ग्लोव्हर: या बँडमध्ये दुसरी गिटार नाही. ब्लॅकमोर सोलोत गेला की तळ सांभाळायचा तो बासने आणि लॉर्डच्या डाव्या हाताने. सोलोच्या वेळी गिटारकडे कान देऊ नका, खाली ऐका. पोकळी जाणवली तर त्या रात्री काहीतरी बिनसलंय.

पेस: भरगच्च तुकडा घेऊन तो समेवर नेमका येतो का? स्नेअरवरचे, म्हणजे समोरच्या कडक आवाजाच्या ड्रमवरचे, मुख्य ठोके सगळेच ऐकतात. त्यांच्यामधले अगदी हलके ठोके चांगल्या रात्री भरपूर आणि मोकळे असतात.

ब्लॅकमोर: त्याच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारची ट्रेमोलो दांडी जोरात हलवल्यावर तारा उतरतात. दांडीचा दणका झाल्यावर येणारा पहिला संथ सूर ऐका. उतरलेली तार तो बोटाने ओढून सुरात आणतो, की तशीच पुढे रेटतो?

७. लांबण: इथेच रात्र ठरते

'स्पेस ट्रकिन' स्टुडिओत साडेचार मिनिटांचं आहे आणि 'मेड इन जपान'वर जवळजवळ वीस. गाणं संपल्यावरचा मोठा भाग जुन्या 'मँड्रेक रूट'मधल्या वादनाचा आहे, त्यात पुढे 'फूल्स'मधला गिटारचा संथ तुकडाही येतो. म्हणजे हे सगळं हवेतून आलेलं नाही. मुक्कामाची ठिकाणं ठरलेली, वाट मात्र रोजची वेगळी. म्हणून "कित्ती सुचतं यांना" असं म्हणण्याआधी दुसरी रात्र ऐका. दोन्ही रात्री जे सारखं, ते बसवलेलं. जे एकाच रात्री, ते त्या क्षणाचं. श्रेय दोन्हींना द्या, पण वेगवेगळं.

'स्ट्रेंज काइंड ऑफ वूमन'मध्ये गिटार आणि गळा यांचा सवाल-जवाब आहे. तीन गोष्टी पाहा. गिलन गिटारचं वाक्य सुरांसकट उचलतो की फक्त त्याचा आकार? ब्लॅकमोर अवघड वाक्य टाकून त्याला अडकवायला बघतो का? आणि उलट, गळा पुढे आणि गिटार मागे असं कधी होतं का? तिसरी गोष्ट घडते ती रात्र जपून ठेवा.

लांबी म्हणजे दर्जा नव्हे. १९७० च्या स्टॉकहोमच्या मैफलीत 'मँड्रेक रूट' आणि 'रिंग दॅट नेक' अर्ध्या तासाच्या आसपास जातात. त्यात थरारून टाकणारे तुकडे आहेत आणि बँड पुढच्या खुणेची वाट पाहत नुसता ठेका धरून बसलाय असेही आहेत. प्रत्येक दोन मिनिटांनी वहीत एक शब्द लिहा: चढतंय, थांबलंय, वळलं. पानावर "थांबलंय" ओळीने चार वेळा आलं की समजा.

८. चूक कुठली धरायची, कुठली सोडायची

चुकलेला एखादा सूर, विसरलेला शब्द, उशिरा आलेला मायक्रोफोन: सोडून द्या. धरायच्या त्या अशा: चूक झाल्यावर सावरायला दोन-तीन आवर्तनं लागणं, एकमेकांच्या खुणा चुकणं, गायकाने कडव्यामागून कडवं खालच्या सुरात वळवणं. उलट, चूक झाली आणि पुढच्याच समेला सगळे एकत्र आले, तर तो त्या रात्रीचा मोठा गुण.

नंतर स्टुडिओत दुरुस्त केलेली लाइव्ह रेकॉर्डिंगही असतात. एकाच गायकाचे दोन आवाज एकाच वेळी येणं, किंवा गायक गप्प झाला की मायक्रोफोनमधला ड्रमचा पाझर एकदम बंद होणं, ही त्याची लक्षणं. 'मेड इन जपान' अशा भरतीशिवाय काढलेला आहे, म्हणूनच कान तयार करायला तो बरा.

९. नोंद कशी करायची

चांदण्या देऊ नका. दोन महिन्यांनी "साडेतीन चांदण्या" म्हणजे काय ते तुम्हालाच आठवणार नाही. एका गाण्याला एवढंच लिहा: तारीख आणि गाव, टेपची जात, वेग दुरुस्त केला का, ठोके (सुरुवात आणि शेवट), सगळ्यात चांगला क्षण किती मिनिटांवर, सगळ्यात कच्चा क्षण किती मिनिटांवर. शेवटी एक ओळ फक्त वादनावर आणि एक वेगळी ओळ फक्त आवाजाच्या दर्जावर. या दोन ओळी एकत्र करू नका.

१०. पुढे कुठल्या मैफली घ्यायच्या

१ मार्च १९७२, कोपनहेगन: कृष्णधवल चित्रफीत. वादक एकमेकांना डोळ्यांनी खुणा कशा करतात ते इथे दिसतं.

१५ डिसेंबर १९७५, टोकियो: टॉमी बोलिनचा डावा हात त्या रात्री नीट चालत नव्हता. १९७७ ला आलेल्या 'लास्ट कॉन्सर्ट इन जपान'वर गिटारची उणीव ऑर्गन भरून काढतो. अनेकजण ही एकच रात्र ऐकून बोलिनला निकालात काढतात. हे अन्यायाचं आहे. त्याच संचाची फेब्रुवारी १९७६ ची लाँग बीचची मैफल ऐकल्याशिवाय त्याच्याबद्दल एक शब्दही लिहू नका.

एप्रिल १९९५, मुंबई: हो, डीप पर्पल आपल्याकडे आले होते आणि ती मैफल 'बाँबे कॉलिंग' नावाने अधिकृतपणे उपलब्ध आहे. स्टीव्ह मॉर्सला बँडमध्ये येऊन जेमतेम काही महिने झाले होते आणि त्याच्यासोबतचा पहिला अल्बम १९९६ ला यायचा होता. गिलन पन्नाशीला टेकलेला. १९७२ च्या किंकाळ्या इथे शोधू नका. ऐका ते लॉर्ड आणि मॉर्स यांना. मॉर्सचे सूर ब्लॅकमोरपेक्षा गुळगुळीत आणि सलग आहेत, आणि लॉर्ड त्याला जागा करून द्यायला कुठे हात आखडता घेतो, कुठे मुद्दाम डिवचतो, ते वहीत वेळेसकट टिपा. नंतर तेच गाणं ओसाकाच्या १६ तारखेचं लावून लॉर्ड त्याच जागी ब्लॅकमोरशी कसा वागला होता ते शेजारच्या रकान्यात लिहा.